काळं काही आत न्यायचं नाही

"ओढणी काढा."

महिला पोलीस माझ्यापेक्षा बरीच लहान होती. कपाळावर घाम, आवाजात कंटाळा. मला वाटलं, तपासायला मागते आहे. मी ओढणीचं टोक उचलून दाखवलं.

"दाखवू नका. काढा. काळी आहे ना."

मागे बायकांची रांग होती. शेजारी पुरुषांची. मध्ये फक्त एक बांबू. त्या रांगेत माझ्या शाळेतले दोन सर उभे होते. आधी ते बघत होते. मग मोबाइलमध्ये बघायला लागले.

मी ओढणी काढली. तिने ती घेऊन मागे टाकली. मागे ढीग होता. काळे स्कार्फ, काळ्या पिशव्या, काळ्या छत्र्या. एका लहान मुलाचे काळे मोजेसुद्धा.

मी शाळेची फाइल छातीशी धरली आणि खाली बघत उभी राहिले. चाळिशीला आलेली बाई. दोन विषयांत एम.ए. सातवीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी. मूलभूत हक्कांचा धडा मला पाठ आहे. त्या वेळी त्यातलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही.

माझ्या मागे माझी माय होती. तिच्या हातात तिची काळी छत्री.

"आजी, छत्री इथे ठेवा."

तेव्हा मात्र मी बोलले. "अहो, केवढं ऊन आहे. त्यांना बीपीचा त्रास आहे. छत्री तरी राहू द्या."

"मॅडम, मला वरून ऑर्डर आहे. काळं काही आत न्यायचं नाही. आत कुणी छत्रीचा निषेधाचा झेंडा केला तर माझी नोकरी जाईल."

तीही घाबरलेली होती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त तिची काठी दिसत होती.

मायने वाद घातला नाही. छत्री तिच्या हातात दिली आणि हसली. "लई जा माय. छत्रीच शे, जीव थोडाच शे."

त्या पोलीस बाईलाही हसू आलं.

मग मायने माझ्याकडे पाहिलं. छातीवरच्या फाइलीकडे पाहिलं. तिच्या डोक्याला पांढरा सुती रुमाल बांधलेला होता. आमच्या खानदेशात उन्हाळ्यात असा रुमाल न बांधता कुणी घराबाहेर पडत नाही. तिने गाठ सोडली आणि रुमाल माझ्या खांद्यावर टाकला.

"धर. छाती झाक. माले ऊन काय नवं शे का?"

मी तो घेतला. ओढणीसारखा पसरून घेतला. त्या क्षणी मला फक्त हायसं वाटलं.

ती सभा बहिणींसाठी होती, म्हणजे सरकारी योजनेचे पैसे मिळणाऱ्या बायकांसाठी. सरकारी कार्यक्रम असं पत्रिकेवर छापलं होतं, पण गेटवर झेंडे पक्षाचे होते. आमच्याकडे आता सरकार आणि पक्ष यांच्यात फरक करायचं लोकांनी सोडून दिलं आहे. मोठे पाहुणे हेलिकॉप्टरने येणार होते. आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष त्या सभेचे यजमान होते. त्यांना सगळे साहेब म्हणतात. मीही इथे साहेबच लिहिते. नाव लिहीत नाही. भीती वाटते, म्हणून.

मी त्यांच्या पाचोऱ्याच्या शाळेत मानधनावर शिकवते. शिकवत होते. जळगावातल्या पिंप्राळ्याहून सकाळी निघायचं, गाडी पकडायची, संध्याकाळी परत. कित्येक वर्षं मी तात्पुरतीच आहे. संस्थेत आमच्यासारखे निम्मे तरी असतील. आम्ही खडू उचलतो, सतरंज्याही उचलतो. साहेबांचा वाढदिवस असला की रांगोळी काढतो. निवडणूक असली की गल्लीगल्लीत फिरतो. तोंडी निरोप येतो. कागद कधीच नसतो. त्या रविवारी बायकांना ओळीने बसवण्याची ड्यूटी होती. मी मायला येऊ नको म्हटलं होतं. पण तिच्या बचत गटाच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, जी येणार नाही तिचं नाव वर कळवावं लागेल. वर म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही. वर म्हटलं की पुरतं.

माय साक्रीकडच्या डोंगराच्या पायथ्याची. पावसावरची शेती, बाकीचे महिने मजुरी. मी शिकावं म्हणून ती दुसऱ्यांच्या शेतात राबली. सहीपुरतं लिहायला ती माझ्याकडून शिकली. सरकारकडून खात्यावर काही जमा झालं की ती ते काढायला एकटी जायची आणि येताना माझ्यासाठी जिलेबी आणायची. मी तिला एकदा म्हटलं होतं, "माय, हा आपलाच पैसा आहे. आपण मीठ घेतो, साबण घेतो, त्यातून गेलेला." तिने तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल व. कोनी ऐकी तं बंद करी देतीन."

ते मला आजही खुपतं. जो हक्क आहे त्याला ओवाळणी म्हणायला त्यांनी आम्हाला शिकवलं. ओवाळणी मागता येत नाही. कमी पडली म्हणून भांडता येत नाही. ताटात पडेल त्याला हात जोडायचे. कापसाला भाव नाही, केळी बागेतच पिकून चाललीत, शिकलेली पोरं सुरतेला मिलमध्ये नाहीतर पुण्याला पार्सल वाटायला जातात, शाळेत शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. यावर बोलायचं तर आधी आवाज खाली येतो. एस.टी.त शेजारी बसलेली बाई सरकारचं नाव काढण्याआधी मागे वळून बघते. कुणी पहारा देत नाही. आम्हीच एकमेकांचा पहारा देतो.

मैदानावर मांडव पुढच्या भागालाच होता. खुर्च्या, पंखे, मंचावर मोठे कूलर. बाया मांडवात मावल्या नाहीत. मागच्यांना उन्हात सतरंज्या टाकल्या होत्या. माय मागच्यांत होती. मी तिला पुढे आणायला गेले, तर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही तुमच्या घरच्यांना पुढे आणलं तर सगळ्याच आणतील. शिस्त पाळा."

मी शिस्त पाळली.

हेलिकॉप्टर येत नव्हतं. मंचावर गाणी लावली होती. पाण्याच्या पाऊचची गाडी पुढे अडकून राहिली. जळगावचं मे महिन्यातलं ऊन ज्याने सोसलं आहे त्याला सांगायला नको. ते वरून पडतं आणि जमिनीतूनही वर येतं. बायकांनी पदर ओढले. कुणी चपला डोक्यावर धरल्या. काही जणी उठून निघाल्या, तर मागचं गेट बंद. "साहेब बोलल्याशिवाय कुणी जायचं नाही, गर्दी दिसली पाहिजे." एका पोराने हे हसत सांगितलं. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं.

मी मधूनच मागे बघत होते. माय दिसत होती. पदर डोक्यावर, हात गुडघ्यांवर. एकदा तिने हात हलवला. माझ्या अंगावर तिचा रुमाल होता.

मग हेलिकॉप्टर आलं. धूळ उडाली. सगळ्या उभ्या राहिल्या. धूळ बसल्यावर सगळ्या खाली बसल्या. माय बसली नाही. आडवी झाली होती.

भाषण सुरू झालं होतं. "माझ्या बहिणींनो." मी मायचं डोकं मांडीवर घेतलं. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम अजिबात नाही. डोळे अर्धे उघडे. दोघी बायांनी तिला उचलायला मदत केली. गेट उघडायला वेळ गेला. बाहेर ॲम्ब्युलन्स होती. ड्रायव्हर म्हणाला, ही ताफ्यासोबतची आहे, सोडता येत नाही. रिक्षा मिळाली. चौकात पोलिसांनी थांबवली. भाषण संपवून पाहुण्यांचा ताफा विश्रामगृहाकडे निघणार होता, रस्ता मोकळा ठेवायचा होता. रस्ता मोकळाच होता. त्या मोकळ्या रस्त्याच्या कडेला आम्ही थांबलो. मी ओरडले नाही. मला ओरडताच आलं नाही. मी हात जोडले. त्या हवालदाराने नजर दुसरीकडे केली.

गाड्या गेल्या. मग आम्ही गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी मायची नाडी बघितली आणि चादर तिच्या तोंडावर ओढली.

दोन दिवसांनी मी एकटीच त्या मैदानावर गेले. का गेले, सांगता येणार नाही. मांडव उतरवत होते. गेटजवळ तो ढीग तसाच होता. उन्हाने काळा रंग विटायला लागला होता. एक माणूस बांबू सोडत होता. म्हणाला, "तुमचं काही शे का त्यात? ली जा. आते कोनी विचारत नही."

मायच्या छत्रीच्या मुठीला जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी गुंडाळलेली होती. हात घसरू नये म्हणून तिनेच गुंडाळलेली. ती मला लगेच सापडली. माझी ओढणीही दिसली. ती मी घेतली नाही.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापक घरी आले. सोबत पक्षाचा एक कार्यकर्ता. दोघे खाली सतरंजीवर बसले. सुतकाच्या घरी खुर्चीवर बसत नाहीत, एवढं त्यांना माहीत होतं.

"फार वाईट झालं मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "पण वय होतं. त्यात बीपी."

मी म्हटलं, "सर, त्यांना ऊन लागलं."

"तुम्हीच गेटवर म्हणालात ना, बीपीचा त्रास आहे म्हणून? आपल्या सरांनी ऐकलंय. दोघांनी."

मायला वाचवायला मी जे बोलले होते, तेच त्यांनी उचलून माझ्यासमोर ठेवलं होतं. ती एक गोळी घ्यायची रोज. त्या गोळीवर ती दोन मजले चढायची, दळण आणायची. पण मी म्हणाले होते. दोघांनी ऐकलं होतं.

कार्यकर्त्याचा आवाज मऊ होता. मला मऊ आवाजाची जास्त भीती वाटते. "ताई, पेपरवाले येतील. विरोधक येतील. त्यांना मायचं काही पडलेलं नाही. तुम्ही कुणाच्या हातचं खेळणं होऊ नका. गंधमुक्तीला साहेब स्वतः येणार आहेत. एवढा मोठा माणूस कुणाच्या दारी असा येतो का?"

उठताना मुख्याध्यापक म्हणाले, "जूनमध्ये काही जागा कायम होणार आहेत. तुमचं नाव साहेबांच्या डोक्यात आहे." दारात चपला घालता घालता पुन्हा वळले. "शेवटी आभार तुम्हीच माना. सुशिक्षित आहात. शोभेल."

गंधमुक्ती म्हणजे सुतक फिटण्याचा विधी. आमच्या भागात त्याला मंडप लागतो, जेवण लागतं आणि आता माइकही लागतो. पुढारी येतात, एकेक जण उठून मेलेल्या माणसाबद्दल बोलतो. जितके जास्त बोलणारे, तितका मेलेला मोठा. शेवटी घरातलं कुणीतरी उभं राहून हात जोडतं. आलात, दुःखात सहभागी झालात, आभारी आहोत. तेवढंच. घरच्याने त्यापलीकडे बोलायचं नसतं.

माझा भाऊ सुरतेहून आला होता. तो मिलमध्ये आहे. त्याला सगळं कळलं होतं, छत्रीचं, रुमालाचं, चौकातलं. आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो होतो. तो म्हणाला, "अक्का, तू काही बोलू नको. हात जोड आनि बस."

"आणि माय आजारी होती म्हणतील तर?"

"म्हनू दे. माय परत येवाव शे का? मी सुरतले निंघी जासू. तुले आठेच ऱ्हावनं शे. एकली."

तो चुकीचं बोलत नव्हता. इथे मलाच राहायचं आहे, एकटीने. लग्न केलं नाही. घर भाड्याचं. घरमालक साहेबांच्या पतपेढीत कामाला. किराणा दुकानदार त्यांचा कार्यकर्ता. या शहरात माझ्या रोजच्या जगण्याची जी जी दोरी आहे, तिचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे हे मला माहीत आहे. मला जेवण गेलं नाही. मी आभाराची वाक्यं मनातल्या मनात म्हणून बघितली. सोपी होती. मला येत होती.

सकाळी मंडपात गेले तर फ्लेक्स लागलेला. वर पाहुण्यांचा फोटो, खाली साहेबांचा, बाजूला गल्लीतल्या उमेदवाराचा. एका कोपऱ्यात माझी माय. बचत गटाला दिलेला तिचा छोटा फोटो ताणून मोठा केलेला. चेहरा पसरट झाला होता. ती घाबरलेली दिसत होती. फोटो काढताना ती नेहमीच घाबरायची.

साहेब आले. पांढरे कपडे, डोळ्यांवर काळा गॉगल. काळा. माझं लक्ष तिथेच गेलं. कुणी काढून घेतला नव्हता.

त्यांनी माइक हातात घेतला. "ही माउली आधीपासून आजारी होती. मुलगी नको म्हणत होती. पण तिचा हट्ट, मी माझ्या भावाच्या सभेला जाणारच. शेवटच्या श्वासापर्यंत तिने आमच्यावर माया केली. असं भाग्य कुणाला मिळतं?"

कुणीतरी टाळी वाजवणार होतं. दुसऱ्याने हात धरला. मयताघरी टाळ्या वाजवत नाहीत.

"तिची मुलगी आमच्याच परिवारात आहे," साहेब म्हणाले. "तिला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही." आणि खाली बसले.

मुख्याध्यापकांनी माइक माझ्या हातात दिला. हलक्या आवाजात म्हणाले, "थोडक्यात."

मी उभी राहिले. माझ्या शेजारी बसलेल्या मामीने माझ्या पोटरीला हात लावून मला आधार दिला. मी बायकांच्या बाजूला बघितलं. बचत गटाच्या बाया बसल्या होत्या. बहुतेक त्या दिवशी सभेला होत्या. सगळ्यांनी डोक्याला रुमाल बांधले होते. सकाळचं ऊन चढत होतं. पांढरे रुमाल. ओळीने.

मी म्हटलं, "माझी माय आजारी नव्हती."

माइकमध्ये माझाच आवाज मला परका वाटला.

"तिची छत्री काळी होती, म्हणून गेटवर काढून घेतली. माझी ओढणी काळी होती, म्हणून काढून घेतली. मायने तिचा रुमाल मला दिला. तिला उन्हात बसवलं. गेट बंद ठेवलं. ती उन्हाने मेली."

माइक बंद झाला. कुणी केला, दिसलं नाही. खटकन आवाज आला एवढंच. मी तेच पुन्हा म्हटलं, माइकशिवाय. आवाज लहान झाला, पण मंडपात इतकी शांतता होती की तो शेवटपर्यंत गेला.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडमना धक्का बसलाय. बसा मॅडम. बसा."

मी बसले नाही.

तेव्हा मागून एक म्हातारी बोलली. आमच्याच गल्लीतली, बोरं विकते. उठली नाही, बसल्या जागेवरूनच. "मनी बी लई गयात छत्री." तिचीही नेली होती. शेजारणीने तिला कोपर मारलं. म्हातारीने तोंडावर पदर घेतला. बाकी कुणीच बोललं नाही.

साहेब उठले. माझ्यासमोरून जाताना थांबले. रागावलेले दिसत नव्हते. जवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "शिकलेल्या बाईला एवढं कळायला पाहिजे होतं." आणि गेले. त्यांच्यामागे माणसं गेली. जेवणाच्या पंगती अर्ध्या रिकाम्या राहिल्या. नातेवाइकांनी गुपचूप जेवण केलं. भाऊ माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळच्या आत त्याने सुरतची गाडी धरली.

जूनमध्ये शाळेत गेले. वेळापत्रकात माझं नाव नव्हतं. विचारलं तर लिपिक म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव नव्हतंच कधी. तुम्ही तासिकेवर." घरमालकाने खोली बघून ठेवा म्हणून सांगितलं. त्याला मुलाचं लग्न करायचं आहे म्हणे. मुलगा आठवीत आहे. ज्या बाया रोज माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायच्या, त्या आता जिन्यावर दिसल्या की पदर सावरून पुढे जातात. मी त्यांना दोष देत नाही. त्यांची नावंही वर कळवली जातील.

लोक म्हणतात, बोलून काय मिळालं? काही नाही. माय परत आली नाही. कुणाला शिक्षा झाली नाही. मला अजून भीती वाटते. अनोळखी नंबरवरून फोन आला की उचलत नाही. दारावर टकटक झाली की आधी खिडकीतून बघते. बोलल्यावर भीती जाते असं म्हणतात, ते खोटं आहे. भीती तिथेच आहे. फक्त आता तिची सवय राहिली नाही, तिची लाज वाटते.

मी अनेक वर्षं मुलांना शिकवलं, नागरिक म्हणजे कोण. व्याख्या त्यांच्या वहीत लिहून दिली. ती मला स्वतःला गेटवर समजली. ज्याच्या अंगावरचं कापड दुसऱ्याला हवं तेव्हा काढता येतं, तो नागरिक नाही. तो गर्दी आहे. आणि गर्दी मोजायला सोपी असते, मेलेली असली तरी.

आता पुन्हा सभा जाहीर झाली आहे. तेच मैदान, तेच पाहुणे. बहिणींनी मोठ्या संख्येने यावं, असं भोंग्यावर सांगत रिक्षा फिरते आहे. या वेळी मला कुणी बोलावलेलं नाही.

मी जाणार आहे. मायची छत्री खुंटीवरून काढली. एक काडी वाकली होती, ती सरळ केली. मुठीवरची पट्टी तशीच ठेवली. डोक्याला मायचा रुमाल बांधणार आहे. गेटवर पोलीस सांगतील, काळं काही आत न्यायचं नाही. मी छत्री उघडून गेटसमोर उभी राहीन. आत जाणार नाही, बाजूला होणार नाही. जिला ऊन लागत असेल तिने छत्रीखाली यावं. विचारलं तर सांगेन, हिची धनीण इथेच मेली.

माझा हात थरथरेल. मला ते माहीत आहे. थरथरत्या हातानेही मूठ आवळता येते. मी ती सोडणार नाही.